त्या फटीत आईचा दोष शोधू नका

"आई नोकरी करते का?"

माझ्या नातवाला आम्ही पहिल्यांदा तपासायला नेलं तेव्हा तो पावणेतीन वर्षांचा होता. हाक मारली तर वळून बघायचा नाही, बोट दाखवून काही मागायचा नाही, आणि आठ-दहा शब्द बोलायला लागला होता तेही हळूहळू बंद झाले होते. मोठ्या शहरातला, नाव असलेला दवाखाना. अडीच तास थांबल्यावर आत बोलावलं. समोरच्यांनी फाइल उघडली, पेन हातात घेतलं आणि पहिला प्रश्न हा विचारला. पोराकडे अजून पाहिलंही नव्हतं. माझी सून बँकेत आहे. ती "हो" म्हणाली. मग दुसरा प्रश्न, "किती महिन्यांचा असताना कामावर गेलात?" आणि तिसरा, "जेवताना मोबाईल देता का?" तिन्ही उत्तरं तिनं खाली मान घालून दिली. माझा मुलगा तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. नोकरी तोही करतो. त्याला कुणी काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच बोललं नाही. नातू स्वमग्न आहे, हे पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी नीट तपासून आम्हाला सांगितलं गेलं. पण त्या दिवशी तीन प्रश्नांत जो निकाल लागायचा तो लागून गेला होता.

मी सांगली जिल्ह्यात एका ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मेंदूचा धडा आला की फळ्यावर एक आकृती ठरलेली. वर एका चेतापेशीचं फुगीर टोक, त्यात बारीक गोल पिशव्या. खाली दुसऱ्या पेशीचा काठ. दोन्हींच्या मधे फट. पिशव्या फुटतात, त्यातलं रसायन फटीत सांडतं, पलीकडच्या काठाला लागतं आणि निरोप पोचतो. याला सिनॅप्स म्हणायचं. ती फट मी कोरी ठेवायची. पोरांनाही बजावायची, की इथं काही काढू नका, मार्क जातील. आता नातवाच्या निमित्तानं पुन्हा अभ्यासाला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आकृतीतली सगळ्यात महत्त्वाची जागा मी इतकी वर्षं कोरी सोडत आले. आईवर ठेवलेला ठपका कुठे टिकत नसेल तर तो त्या कोऱ्या जागेत टिकत नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे.

ही फट साधारण २० नॅनोमीटरची. डोक्याचा एक केस उभा चिरत चिरत त्याचे चार हजार पदर केले, तर त्यातल्या एका पदराएवढी. 'सिनॅप्स' हे नाव शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये दिलं, पण फट डोळ्यांना दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. आणि दिसली तेव्हाच ती रिकामी नव्हती. तिच्यात काळपट काहीतरी भरलेलं दिसत होतं. १९६२ मध्ये ग्रे आणि व्हिटेकर या दोघांनी मेंदूचा लगदा वाटून, यंत्रात गरगर फिरवून चेतापेशींची टोकं वेगळी काढली. पेशी फाटल्या, तंतू तुटले, पण कितीतरी टोकांना पलीकडच्या पेशीचा तुकडा तसाच चिकटून आला. चादर फाटली तरी शिवण उसवली नाही, अशातला प्रकार. नुसत्या फटीला असं धरून ठेवता येईल का?

धरणारं काय होतं, ते सापडलं एका कोळ्याच्या विषामुळे. ब्लॅक विडो नावाच्या कोळ्याचा दंश झाला की अंगात जबर पेटके येतात, कारण ते विष चेतापेशीच्या टोकाला चिकटतं आणि तिथल्या पिशव्या भराभर रित्या करून टाकतं. ते नेमकं कशाला चिकटतं, याचा शोध थॉमस सुडॉफ अमेरिकेत डॅलसला घेत होते. १९९२ मध्ये त्यांच्या गटाला ते प्रथिन मिळालं, त्याला न्युरेक्सिन म्हणतात. आता कोळ्यानं चावावं म्हणून काही मेंदू प्रथिनं तयार करत नाही. मग याचं खरं काम काय? १९९५ मध्ये त्याचा जोडीदार हाती लागला आणि उलगडा व्हायला लागला. न्युरेक्सिन अलीकडच्या काठातून फटीत डोकावतं, पलीकडच्या काठातून न्युरोलिगिन डोकावतं, आणि फटीच्या मध्यावर दोघं एकमेकांत अडकतात.

आमच्याकडे याला शब्द आहे, टिचबटण. झबल्याला, ब्लाउजला लावतात ते. एका पट्टीवर उंचवटा, दुसरीवर खळगी. दोन उंचवटे एकमेकांत बसत नाहीत, दोन खळग्या बसत नाहीत. समोरासमोर आले आणि दाबले की टिच. ही उपमा मला सुचली ती नातवामुळेच. माझा एक जुना कापडी बटवा आहे, त्याचं टिचबटण कानाजवळ धरून तो उघडतो, लावतो, उघडतो, लावतो. अर्धा-अर्धा तास. सुरुवातीला घरात सगळे त्याच्या हातून बटवा काढून घ्यायचे. मी आता घेऊ देत नाही.

पण टिचबटण दोन पट्ट्या नुसत्या धरून ठेवतं. ही प्रथिनं त्याहून जास्त काही करतात, आणि ते ज्या प्रयोगातून कळलं तो वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. २००० साली बर्कलीला पीटर शाइफेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी घेतल्या. मूत्रपिंडाच्या पेशीचा विचाराशी, आठवणीशी, बोलण्याशी काहीएक संबंध नाही. त्या पेशींना त्यांनी एकच जादा गोष्ट दिली, न्युरोलिगिन. आणि काचेच्या बशीत त्या खऱ्या चेतापेशींच्या शेजारी ठेवल्या. चेतापेशींचे तंतू सरकत आले, या पेशींना टेकले, आणि टेकल्या जागी फुगून निरोप धाडायचं टोक तयार करायला लागले. पिशव्या गोळा झाल्या, सगळी मांडणी झाली. निरोप कुणाला? तर मूत्रपिंडाच्या पेशीला. एवढा त्या एका प्रथिनाच्या स्पर्शाचा अधिकार. पुढे २००४ मध्ये उलट बाजूही दिसली. न्युरेक्सिन समोर धरलं की चेतापेशी निरोप घेणारा काठ मांडायला लागते.

त्या बशीत आई नव्हती. अंगाई नव्हती, मोबाईल नव्हता, पाळणाघर नव्हतं. दोन प्रथिनं एकमेकांना ओळखत होती आणि तेवढ्यावर मेंदूतल्या जोडणीचा पहिला टाका पडत होता. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि एकेकीला अशा हजारो जोडण्या. यातल्या जोडण्यांची सुरुवात बाळ पोटात असतानाच होते. कुठली आई तिथं हात घालून टाका घालणार, आणि कुठली आई तिथला टाका चुकवणार?

गोष्ट इथंच संपली असती तर फार सोपी झाली असती. २००६ मध्ये जर्मनीत गॉटिंगेनला निल्स ब्रोझ यांच्या गटानं उंदरांमधून न्युरोलिगिनची तीन जनुकं काढून टाकली. अपेक्षा अशी की बटणंच काढली तर जोडण्या होणारच नाहीत. पिल्लं जन्मली आणि पहिल्या दिवसातच गेली, त्यांना श्वास घेता येईना. पण मेंदूत जोडण्या मोजल्या, तर त्या जवळपास तेवढ्याच होत्या! पट्ट्यांना पट्ट्या लागलेल्या होत्या, कारण धरून ठेवणारी आणखीही प्रथिनं असतात. मात्र श्वासाच्या केंद्रातल्या त्या जोडण्यांतून निरोप नीट जात नव्हते. म्हणजे जुळणं वेगळं आणि जुळून चालू होणं वेगळं. न्युरोलिगिनशिवाय पेशी जवळ येतात, पण त्यांचं बोलणं नीट होत नाही.

हे वाचताना मला राहून राहून नातू आठवत होता. तो आमच्यापासून लांब नाही. माझ्या मांडीवर येऊन बसतो, आईच्या ओढणीचं टोक धरून झोपतो. टेकलेला असतो. निरोप कुठेतरी अडतो. उंदराच्या पिल्लाच्या श्वासावरून माणसाच्या मुलाच्या बोलण्यावर उडी मारू नये, हे मला कळतं. तरी आठवायचं ते आठवतंच.

माणसातला धागा २००३ मध्ये मिळाला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या तोमा बुर्जरों यांच्या गटानं स्वीडनमधली दोन कुटुंबं तपासली. दोन्ही घरांत दोन-दोन भाऊ, आणि त्यांना स्वमग्नता किंवा तिच्याच जातीची अॅस्पर्जर अवस्था. एका घरात न्युरोलिगिन-४ च्या जनुकात बिघाड होता. दुसऱ्या घरात न्युरोलिगिन-३ मध्ये. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि आठशेहून अधिक मण्यांच्या त्या माळेत ४५१ व्या जागी आर्जिनिनच्या ऐवजी सिस्टीन ओवलं गेलं होतं. एक मणी बदलला. त्यामुळे प्रथिनाची घडी चुकते आणि ते बरंचसं पेशीच्या आतच अडकून पडतं, काठापर्यंत पोचतच नाही.

या गोष्टी मी सुनेला एका बैठकीत सांगितल्या नाहीत. संध्याकाळी भाजी निवडताना, थोड्या-थोड्या. आणि सांगायचं ठरवलं ते एका वहीमुळे. दवाखान्यातून आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी थर्मामीटर शोधताना तिच्या कपाटात मला एक शंभर पानी वही दिसली. पहिल्याच पानावर एकाखाली एक ओळी होत्या. सहाव्या महिन्यात कोल्हापूरला बसनं गेले. सातव्यात दोन दिवस ताप, गोळी घेतली. ऑडिटच्या आठवड्यात रोज आठपर्यंत बँकेत. आईंशी दोनदा वाद. पहिले चार दिवस दूध आलं नाही. साडेसहा महिन्यांचा असताना रुजू. जेवताना मोबाईल, वीस मिनिटं. अशा ३७ नोंदी होत्या. मी उभ्या-उभ्या मोजल्या. 'आईंशी' म्हणजे माझ्याशी.

एका शिकलेल्या, पगार कमावणाऱ्या, शहाण्या मुलीनं स्वतःविरुद्ध लिहिलेलं हे आरोपपत्र. ते तिनं एकटीनं लिहिलं नव्हतं. त्या फाइलवाल्यांनी लिहिलं होतं, "हल्ली बायकांना वेळच कुठे असतो" म्हणणाऱ्या आमच्या नात्यातल्या माणसांनी लिहिलं होतं, हळदीकुंकवाला "टीव्हीपुढे बसवत असशील गं" असं हसत म्हणणाऱ्या शेजारणीनं लिहिलं होतं.

या ठपक्याला मोठा इतिहास आहे. स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरला केलं, ११ मुलांचं. तेव्हा घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता. मोबाईलवर खापर फोडणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. कॅनर यांनीही आईबापांच्या कोरडेपणाकडे बोट दाखवलं होतं, आणि पुढे 'फ्रिजसारख्या थंड आया' असा वाक्प्रचारच रुळला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि ते लोकांनी डोक्यावर घेतलं. त्या काळी किती आयांनी अशा वह्या भरल्या असतील! या ठपक्याच्या विरोधात पहिला उभा राहिला तो एक बाप. बर्नार्ड रिमलंड, स्वतःचा मुलगा स्वमग्न असलेले मानसशास्त्रज्ञ. हा दोष प्रेमाचा नाही, मेंदूच्या जडणघडणीचा आहे, असं त्यांनी १९६४ मध्येच पुराव्यानिशी मांडलं होतं. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. आणि १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्या पाहिल्या. ११ एकसारख्या जुळ्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न निघाली. १० वेगवेगळ्या जुळ्यांत अशी एकही जोडी नाही. दोन्ही गटांत आई तीच, घर तेच, दूध तेच. फरक होता तो जनुकांचा.

मग आपल्याकडे आजही पहिला प्रश्न आईच्या नोकरीचा का?

मेथी निवडता-निवडता सुनेनं मला अडवलं होतं. न्युरोलिगिन-३ आणि ४ ची ही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. स्वीडनच्या त्या घरांतही बदल आईकडूनच आला होता. तिच्याकडे दुसरं एक्स निरोगी असल्यानं तिला काही झालं नाही. हे मी सांगितलं तशी तिचे हात थांबले. "म्हणजे आई, शेवटी माझ्याकडूनच ना?" मला त्या क्षणी वाटलं, सांगितलंच नसतं तर बरं. मग मी तिला म्हटलं, "त्याचे डोळे तुझ्यासारखे आहेत. ते तू निवडून दिलेस का? आणि तुला ते तुझ्या आईनं निवडून दिले का?" जे आपल्या हातून जातं पण आपल्या हातात नसतं, त्याला वारसा म्हणतात, गुन्हा म्हणत नाहीत. ती काही बोलली नाही, पण पुन्हा भाजी निवडायला लागली.

आमच्या नातवाची जनुकीय तपासणी झाली. तिच्यात असा ठळक एकच बदल सापडला नाही. बहुतेक मुलांत सापडत नाही. न्युरोलिगिनचे हे बदल फार थोड्या घरांत दिसतात. न्युरेक्सिन-१ चा तुकडा गळालेला काही मुलांत दिसतो, आणि तसाच तो अगदी धडधाकट आईबापांतही कधी-कधी निघतो. बहुतेकांच्या बाबतीत शेकडो जनुकांचे छोटे-छोटे वाटे असतात, आणि त्यातली पुष्कळशी जनुकं या सिनॅप्सच्याच कामातली आहेत. जनुकांपलीकडचीही काही कारणं माहीत आहेत. फार लवकर झालेला जन्म, आईबापाचं वाढलेलं वय, गरोदरपणात घेतलेलं व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचं औषध (ते घेणाऱ्या बाईनं मनानं बंद करायचं नाही, डॉक्टरांशी बोलायचं). पण या यादीत बँकेतली नोकरी नाही. सासूशी झालेला वाद नाही. कोल्हापूरची एसटी नाही.

याच्याच जोडीला दुसरा धंदा जोरात आहे, त्याचाही मला राग येतो. 'मुलाच्या मेंदूतल्या जोडण्या वाढवून देतो' म्हणून सव्वा वर्षाच्या पोरांना वर्गात बसवतात, पालकांकडून महिन्याला हजारो रुपये घेतात. पीटर हुटेनलोकर यांनी १९७९ मध्ये माणसाच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्या मोजल्या होत्या. एक-दोन वर्षांच्या बाळात त्या मोठ्या माणसापेक्षा खूप दाट असतात आणि पुढे किशोरवयापर्यंत कमी-कमी होत जातात. मेंदू आधी भरपूर जोडतो, मग वापरातल्या ठेवतो, बाकीच्या सोडतो. जास्त म्हणजे चांगलं, हे गणितच तिथं नाही. पण घाबरलेल्या आईला ते कोण सांगणार? ठपका ठेवणारे आणि वर्ग विकणारे एकमेकांना पूरक आहेत.

आईचा दोष नाही म्हणजे करण्यासारखं काही नाही, असा अर्थ कुणी काढू नये. नातू आठवड्यातून तीन दिवस वाचा-उपचाराला आणि ऑक्युपेशनल थेरपीला जातो, आणि त्याचा गुण येतो. मोबाईल आम्ही कमी केला, तो कुठल्याही लेकरासाठी कमीच असावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्याचं प्रमाणपत्र आम्ही काढलं. यातली निम्मी धावपळ आता माझा मुलगा करतो.

माझं मागणं तपासणाऱ्यांकडे आहे, आणि ते मी हात जोडून करते. आधी मुलाकडे बघा. त्याला नीट ऐकू येतं का, ते तपासलंय का विचारा. शब्द आले होते आणि गेले का? बोट दाखवतो का? झटके येतात का? किती आठवड्यांचा जन्मला? घराण्यात, दोन्हीकडच्या, कुणाला असं काही होतं का? हे प्रश्न आई-बाप दोघांकडे बघून विचारा. आईची नोकरी विचारायचीच असेल तर शेवटी विचारा, म्हणजे उपचाराची वेळ तिच्या ड्युटीशी जुळवून देता येईल.

गेल्या महिन्यात आम्ही एका नव्या ठिकाणी गेलो. साधी जागा, सतरंजी, भिंतीला टेकून ठेवलेले लाकडी ठोकळे. तिथल्या बाई खाली नातवासमोर बसल्या, त्याला बराच वेळ नुसतं पाहिलं, आणि मग वर मान करून सुनेला पहिला प्रश्न केला, "याला काय आवडतं?"

तिला असलं काही विचारलं जाईल असं वाटलंच नव्हतं. ती थोडी थांबली. मग माझ्या हातातला बटवा घेऊन तिनं त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "टिचबटण."